भरावावरून धावताना

दिवसा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर पायी माणसाला भुयारी मार्गात उतरावं लागतं. वरचा रस्ता गाड्यांचा. शेवटची लोकल गेली की हा हिशेब उलटतो. डिसेंबरातल्या शनिवारी आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी इथूनच धावायला सुरुवात करतो, तेही फुटपाथ सोडून भर रस्त्यावरून. सगळ्यात सावकाश धावणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग, आणि बोलताना धाप लागली नाही पाहिजे, एवढेच आमचे नियम.

दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलो की मात्र आम्ही आपोआप गप्प होतो. जुन्या इमारतींच्या कमानींखाली माणसं ओळीनं झोपलेली असतात. एकजण चपला उशाशी घेऊन, दुसरा चादरीत डोक्यापासून पायापर्यंत गुरफटून. आपण धावतो तो रस्ता कुणाचं तरी अंगण आहे, हे तिथं समजतं. पावलं हलकी पडतात.

हुतात्मा चौकात कधीकाळी कोटाचं चर्च गेट होतं. 1860 च्या दशकात तट पाडले गेले आणि 1864 मध्ये इथं फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. त्याच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे, एकत्र मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. मुंबई कुणाची, या प्रश्नासाठी माणसांनी जीव दिला ती ही जागा. गर्दीत इथून शंभरदा गेलो तरी मान वर होत नाही. रात्री मशालीकडे बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

तिथून चर्चगेटकडे वळलं की डाव्या हाताला ओव्हल मैदान. एका बाजूला 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि गॉथिक इमारती, समोरच्या बाजूला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. 2018 मध्ये युनेस्कोनं या दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. मला या दोन रांगांमधल्या काळात घडलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. तेवढ्या वर्षांत समुद्र मागं हटवला गेला. समोरची अख्खी रांग भरावावर उभी आहे.

टॅक्सीत बसून हे कधीच कळलं नसतं. पायांना कळतं. चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत आणि पुढं चौपाटीपर्यंत रस्ता इतका सपाट की पोटऱ्यांना कसली तक्रारच नसते. माणसानं ओतलेली जमीन अशीच समतल असणार. कठड्यापलीकडे टेट्रापॉडवर लाटा आदळत असतात, ओठांवर खारट चव येते, आणि दिव्यांचा पिवळा प्रकाश वळण घेत मलबार हिलपर्यंत जातो. 2015 मध्ये इथं पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकरांनी नाराजीचा सूर लावला होता. पिवळा उजेड परत आला. सायकलवरच्या चहावाल्याकडं आम्ही कटिंग घेतो आणि उभ्याउभ्याच संपवतो, कारण थांबलं की पाय आखडतात.

विल्सन कॉलेज मागं टाकून ह्यूजेस रोडला लागलो की जमीन बदलते. चढ सुरू होतो. केम्प्स कॉर्नरनंतर पेडर रोडची चढण तर मुंबई मॅरेथॉन धावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही अस्सल टेकडी, बेटाचा मूळ खडक. बोलणं तुटक होतं, मग थांबतं. एकदा त्या चढावर आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "तुम्ही सोबत आहात म्हणून. एकटी असते तर या वेळी घराबाहेरच पडले नसते." तिचा दम आमच्यापेक्षा दांडगा. ती एकटी धावली असती तर आमच्या कितीतरी आधी पोचली असती. तरी आमची सोबत तिला लागतेच, कारण मध्यरात्रीचा रस्ता आम्हाला जितका मोकळा आहे तितका तिला नाही.

उतारावरून हाजी अलीला आलो की पुढं वरळीकडे जाणारा रस्ता हॉर्नबी वेलार्डचा. 1784 मध्ये पूर्ण झालेल्या या बांधानं वरळीची खाडी अडवली आणि भरतीचं पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरायचं थांबलं. सात बेटं सांधण्याचं काम पुढं कित्येक पिढ्या चाललं. दगड फोडणारे, माती वाहणारे ते हात कुणाचे, त्यांची नावं कुठल्याही रस्त्याला नाहीत.

पण एक नक्की. हा रस्ता निसर्गानं दिलेला नाही, माणसांनी घाम गाळून केलेला आहे. जे श्रमानं मिळालं त्यावर सगळ्यांचा हक्क असतो: कमानीखाली झोपणाऱ्याचा, चहावाल्याचा, आणि रात्री एकटीनं धावू पाहणाऱ्या बाईचाही. आमच्या सोबतीचा मला अभिमान आहे. पण मैत्रिणीला या सोबतीची गरज उरली नाही, की मुंबई खऱ्या अर्थानं सांधली गेली असं मी म्हणेन. तोवर आम्ही दर शनिवारी येत राहू, आणि येताना आणखी चार मैत्रिणींना घेऊन येऊ.