पारावरची रिकामी जागा



आज तुमच्याशी खत-बियाणे, पाऊस-पाणी यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते गप्पांबद्दल. आणि त्याही कामाच्या गप्पा नव्हेत, अगदी बिनकामाच्या.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस कमी, माळ जास्त. गावाच्या मधोमध पिंपळाचा पार आहे. रात्रीची जेवणे उरकली की आम्ही चौघे म्हातारे तिथे जमतो. अण्णा, भाई, नाना आणि मी. चौघेही सत्तरीच्या आगेमागे. गावातली पोरे आमच्या बैठकीला ‘रिकामटेकड्यांचे मंडळ’ म्हणतात. एकदा सूनबाईंनी विचारले, “मामा, रोज दोन-दोन तास एवढं काय बोलत बसता?” मी म्हणालो, “दोनच विषय, पोरी. जनावरं आणि जुने सिनेमे.” ती हसतच आत गेली.

हसण्यासारखेच आहे म्हणा. अण्णांच्या वस्तीवर एक कुत्रा आहे. नाव वाघ्या, पण आभाळात गडगडले की हा वाघ बाजेखाली शिरतो. भाई शिवणकाम करतात. त्यांच्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात मनी मांजरी झोपते आणि तिच्या शेपटीला धक्का लागू नये म्हणून भाई एका कडेने पाय चालवतात. माझ्याकडे एक लंगडी शेळी आहे. विकायची विकायची म्हणता सात वर्षे झाली. आणि नानांची म्हणजे सर्जा-राजाची खिलार जोडी. आखीव शिंगे, पांढराशुभ्र रंग. नाना घरात कमी आणि गोठ्यात जास्त, असे नानी नेहमी म्हणायच्या.

आता सिनेमाचे सांगतो. आमच्या पोरवयात म्हसवडच्या रथाला तंबूतला सिनेमा यायचा. दुपारपासून कर्णा ओरडायला लागे. बसायला जमीन, मधे दोरी बांधून एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. रीळ तुटले की शिट्ट्या, जोडले की पुन्हा शिट्ट्या. वारा सुटला की पडदा हले आणि पडद्यावरचा राजासुद्धा सिंहासनासकट डुले. चित्र शहरांतून फिरून फिरून झिजले, की मग आमच्याकडे येई. त्यामुळे सिनेमा जुना आणि बघणारे आम्ही नवे!

प्रत्येकाचे एक चित्र ठरलेले. भाईंचे ‘हाथी मेरे साथी’, १९७१ सालचे. राजेश खन्ना त्यात नायक होता हे खरे, पण भाईंच्या लेखी नायक म्हणजे रामू हत्ती. मालकावर झाडलेली गोळी तो आपल्या अंगावर घेतो, तिथे गोष्ट आली की भाईंना हटकून खोकला येतो. अण्णांचे चित्र ‘नया दौर’, १९५७ सालचे. गावात मोटारबस येते, टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो आणि दिलीपकुमार बसशी टांग्याची शर्यत लावून जिंकतो. आमच्या घरातून विचाराल तर ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या या चित्राला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आमची मंडळी म्हणते, “तुम्ही जनावरांसाठी डोळं पुसता. आम्ही माणसांसाठी पुसतो, एवढाच फरक.”

आणि नानांचे चित्र ‘दो आँखें बारह हाथ’. तेही १९५७ चेच, व्ही. शांतारामांचे. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून एक जेलर त्यांच्याकडून ओसाड माळ पिकवून घेतो, अशी गोष्ट. नानांना त्याचा अभिमान मोठा, कारण गोष्ट आमच्याच मातीतली. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली निघाली, तिच्यावरून ती सुचलेली. लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे आमच्या माणदेशच्याच माणसाने. शेवटी त्या जेलरवर बैल सोडतात, ती झुंज शांतारामांनी खऱ्या बैलाशी केली. त्यात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडावे लागले. त्या अंधारात दिसलेल्या रंगांवरून पुढे १९५९ साली ‘नवरंग’ निघाला. हे सांगून झाले की नाना प्रत्येक वेळी म्हणत, “चूक बैलाची न्हवती. बैलाला कुणीतरी डिवचलं हुतं.”

असे आमचे बोलणे. यात ना कुणाचा फायदा, ना तोटा. निदान मला तसे वाटत होते.

गेल्या साली नानांच्या मुलाने बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. दोन बैलांना बारमाही वैरण घालणे आमच्या भागात सोपे नाही, आणि पोरांना वेळेत नांगरट हवी. नानांनी काही न बोलता जोडी खरसुंडीच्या बाजारात नेली आणि विकून आले.

त्याच आठवड्यात पारावर ‘नया दौर’चा विषय निघाला. टांगा बरोबर की बस, यावर अण्णा आणि भाई हमरीतुमरीवर आले. मी मधेच म्हणालो, “नानाला काय इचारता? नाना आता बसवाल्याच्या बाजूचा! टांगा इकून मोकळा झालाय गडी!”

सगळे हसले. नानाही हसले. हातातला तंबाखू मळून झाला होता. तो त्यांनी तोंडात न टाकता तसाच झाडून टाकला, उठले आणि “चलतो” म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी म्हटले, सुगीची गडबड असेल. आठ दिवस गेले, पंधरा गेले. पाराच्या कडेला त्यांची ठरलेली जागा तशीच रिकामी. आम्ही तिघे बोलत होतो, पण बोलण्यात मीठ नव्हते.

एके दिवशी डेअरीवर दूध घालायला गेलेली आमची मंडळी परत आली ती गप्प गप्प. मग म्हणाली, “नानी भेटल्या. नाना जेवत न्हाईत म्हणं. पहाटं तीनला उठत्यात, सवयीनं वैरण घिऊन गोठ्यात जात्यात आन् रिकाम्या दावणीपाशी हुभं ऱ्हात्यात. तुम्ही काय बोललासा का त्यास्नी?”

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री झोपही आली नाही. राहून राहून वडील आठवत होते.

१९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. घरची सगळी खडी फोडायला जात होतो. चारा नव्हता, म्हणून वडिलांनी आमचा बैल विकला. बाजारातून आले तेव्हा हातात नुसते दावे होते. ते त्यांनी खुंटीला अडकवले. पुढे वडील तेवीस वर्षे जगले, पण त्या बैलाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. बाजाराच्या वाटेनेही कधी गेले नाहीत. आणि मीही कधी विचारले नाही. लहान होतो तेव्हा समज नव्हती. मोठा झालो तेव्हा कसे विचारावे ते कळेना. दावे खुंटीवरच कुजून गेले. आपल्याकडे बाप्या माणसाने ‘मला दुःख झाले’ असे म्हणायची रीत नाही. मग ते दुःख आतल्या आत कुजते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नातवाचा मोबाईल मागून घेतला, त्याच्याकडून त्यात ‘दो आँखें बारह हाथ’ लावून घेतले आणि नानांच्या घरी गेलो. ते गोठ्यात बाजेवर बसले होते. गोठा झाडून लख्ख केलेला. खुंटीवर घुंगुरमाळ.

“नाना, त्या दिवशी म्या जे बोललो...”

“त्याचं काय न्हाय. बस.”

“तुझं चित्र आणलंय. बघू या का?”

तळहाताएवढ्या पडद्यावर आम्ही दोन म्हातारे डोके लावून बघत बसलो. कुठे तो तंबू आणि कुठे हा मोबाईल! तो ओसाड माळ आला, ते कैदी आले. नाना मधे मधे हूं म्हणत होते. शेवटी बैल आला, तसा त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि बाजेवर पालथा घातला. बराच वेळ बोलले नाहीत. मग एकाएकी म्हणाले, “सर्जानं मागं वळून बघितलं न्हाय.”

मी गप्प राहिलो.

“गिऱ्हाइकानं दाव्याला धरून न्हेला. म्या तितंच हुभा. म्हणलं, ह्यानं एक डाव मागं बघितलं तर पैसं परत देतो. न्हाय बघितलं गड्या. सरळ गेला.” आणि थोड्या वेळाने, “हप्त्याचं पोरगं काय सांगत न्हाय, पर मला कळतंय. परवाच्याला रातीचं हिरीच्या काठावर जाऊन बसलो हुतो. कशापायी बसलो, माझं मलाच कळंना.”

मंडळी, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एका पोरकट थट्टेने मी ज्याला पारावरून उठवले, तो माणूस विहिरीच्या काठापर्यंत गेला होता आणि आम्ही तिघे ‘सुगीची गडबड’ म्हणत बसलो होतो. मी त्यांचा हात धरला आणि मन घट्ट करून विचारले, “नाना, जिवाचं काय वंगाळ मनात येतं का?” त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हणालो, “हे आजच पोराला सांगायचं. तू सांग, न्हाय तर म्या सांगतो.” मुलाला हाक मारली. तो बापाच्या पायाशी बसून रडला. त्याला वाटत होते, म्हातारा ट्रॅक्टरवर रागावला आहे.

त्या रात्रीपासून नानांना एकटे सोडले नाही. दोन दिवसांत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी झोपेचे, जेवणाचे आणि मनातल्या विचारांचेही शांतपणे विचारले, औषध दिले, पुन्हा बोलावले. अशा वेळी फोनवर बोलायलाही माणूस मिळतो. सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ नावाची सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लावता येतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवावा. लागला नाही तर उत्तमच.

हप्त्याचेही बघितले. मुलगा बँकेत गेला आणि सुगीनंतर भरायची मुभा मागून आला. अण्णा, भाई आणि मी आमची नांगरट नानांच्याच ट्रॅक्टरला दिली. कर्ज फिटले असे नाही, पण ते एकट्या माणसाच्या छातीवरून खाली उतरले.

बेंदराला नाना सकाळीच तयार झाले. पुरणपोळीचे गाठोडे आणि खुंटीवरची घुंगुरमाळ घेऊन, ज्याने जोडी घेतली होती त्याच्या गावी गेले. संध्याकाळी परतले. सर्जाने ओळखले का, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही. “चारा चांगला घालतोय गडी. पोरगं हौशी हाय,” एवढेच बोलले. घुंगुरमाळ मात्र त्यांच्या हातात नव्हती.

रात्री जेवणे उरकून नाना पारावर आले आणि आपल्या जागेवर बसले. तंबाखू मळता मळता अण्णांना म्हणाले, “टांगा जिकला खरा. पर ती शर्यत एका दिवसाची हुती, अण्णा. दुसऱ्या दिवशी काय झालं, ते सिनेमात दावलंच न्हाय.” त्यावर जो वाद पेटला तो अजून चालू आहे.

तेव्हा वाचकहो, बिनकामाच्या गप्पांना नावे ठेवू नका. हत्तीला गोळी लागल्याचे सांगताना भाई कुणासाठी खोकतात, ते आम्ही ओळखून आहोत. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. कुत्र्या-मांजराचे आणि जुन्या चित्राचे निमित्त करून माणूस आपलेच सांगत असतो. ऐकणाऱ्याने फक्त जीभ आवरावी आणि कान उघडे ठेवावेत. मला ते सत्तरीत कळले.

तुमच्याही पारावर, देवळाच्या ओट्यावर किंवा डेअरीच्या रांगेत कुणाची तरी जागा चार दिवस रिकामी दिसत असेल. ‘असेल काही काम’ असे म्हणू नका. आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा. एकदम ‘काय झाले’ म्हणून विचारू नका. आधी त्याच्या बैलाचे विचारा, कुत्र्याचे विचारा, तंबूत बघितलेला पहिला सिनेमा कोणता ते विचारा. आणि मग तो बोलेपर्यंत तिथेच बसून राहा.