शिवडीचा पाऊस आणि गाडीतले पाणी



मुंबईस जाणारा आपल्याकडचा माणूस दादर पाहतो, लालबाग पाहतो. शिवडीकडे सहसा वळत नाही. घरात क्षयाचा जुना रुग्ण असेल, तर मात्र हे नाव कानावर आलेले असते, कारण मुंबई महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय येथेच आहे. गेल्या जुलैत आमच्या तालुक्यातील एका कुटुंबाबरोबर त्यांच्या रुग्णाला भेटण्यासाठी तेथे जाण्याचा योग आला.

हार्बर मार्गावरच्या या स्टेशनाच्या पूर्वेस खाडी आहे. खडकावर छोटा किल्ला उभा आहे. तो इंग्रजांनी १६८० साली बांधला आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तो येथेच उतरला. तटावरून खाली चिखलाची सपाटी आणि तिवरांची झाडी दिसते. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू येथूनच समुद्रात शिरतो. तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे, एकोणिसाव्या शतकात शिवडीत कृषी व उद्यान संस्थेची बाग होती. १८६५ साली ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली.

दुपारी ऊन पडले होते. उकाडा नको म्हणून मुलाने गाडीच्या काचा चार-चार बोटे उघड्या ठेवल्या आणि आम्ही किल्ला पाहावयास गेलो. अर्ध्या तासात पश्चिमेकडून तिरकी सर आली. परतलो तो सीटा चिंब आणि पायाखाली पाणी! घरधनीण टॉवेलाने सीट पुसू लागल्या. जवळच्या गॅरेजातला मिस्त्री पाहत होता. तो म्हणाला, "ताई, वरचं पुसून काय होणार? पाणी खाली जाऊन बसलंय." त्याने पायपुसणी काढली आणि कडेचा गालिचा उचलला. खालचा जाड नमदा पाण्याने फुगला होता. तो दाबून दाबून पाऊण बादली पाणी निघाले.

हे आपल्याला नवीन नाही. पोत्याच्या तोंडाशी धान्य कोरडे लागले, म्हणून आपण ते कोठीत टाकत नाही. बुडाशी हात घालून पाहतो. गाडीचेही तसेच आहे. बूड ओले राहिले की दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो, बुरशी धरते आणि पुढे पत्रा गंजतो. गालिच्याखालून विजेच्या तारा जातात, त्यांचे सांधेही खराब होतात.

म्हणून त्याच दिवशी पुढील क्रमाने काम करावे. प्रथम बॅटरीची जोडणी सोडावी. सीटखाली पिवळ्या वेष्टणाच्या तारा असतील, तर त्या अपघाती फुग्याच्या असतात; त्यांना हात लावू नये, मिस्त्रीलाच बोलवावे. जाड सुती कापड ठेवून वर भार द्यावा व पाणी टिपून घ्यावे, चोळू नये. गालिचा उचलून खाली विटेचे तुकडे ठेवावेत, म्हणजे वारा खेळेल. ऊन असेल तर चारी दारे उघडावीत, नसेल तर पंखा लावावा. मुंबईत किंवा कोकणात भर पावसाळ्यात हवाच ओली असते. तेथे नुसत्या उघड्या काचांनी गाडी वाळत नाही. सांधे कोरडे झाल्यावर बॅटरी जोडून, काचा लावून, गाडीचा एसी चालवावा. हवेतला ओलावा त्याच्या थंड नळ्यांवर धरतो आणि गाडीखाली ठिबकून जातो. मात्र हे उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर जीव घेतो.

पाणी खाडीचे असेल, किंवा गाडीत खताचे पोते भिजून फुटले असेल, तर आधी गोड्या पाण्याने पुसून घ्यावे. क्षार राहिला तर तो ओल धरून ठेवतो आणि लोखंड खातो. कीटकनाशक सांडले असेल, तर हातमोजे घालून साफ करावे आणि मुलांना दूर ठेवावे.

आता काचेची दुसरी बाजू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७३. शिवडी या दोहोंच्या मध्ये येते. त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून काही माणसे दगावली. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि विजेवर चालणारी काच कधीकधी ऐनवेळी बंद पडते.

तेव्हा पाऊस वरून येत असेल तर काच लावावी. पाणी खालून चढू लागले तर काच ताबडतोब खाली करून बाहेर पडावे. सीटा भिजल्या तर वाळवता येतात. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडेच उभी करावी. आणि पुरात बुडालेली गाडी स्वतः चालू करून पाहू नये. ती ओढूनच मिस्त्रीकडे न्यावी.