पीठ इथलंच आहे

मुसलमानाच्या घरात काय शिजतं, याची उत्तरं लोकांनी आधीच ठरवून ठेवलेली असतात. बिर्याणी, कबाब, शीरखुर्मा. मी मराठी शाळेत ३० वर्षं नोकरी केली. डब्यात आंबोळ्या नेल्या की एखादी बाई हमखास विचारायची, "अय्या, तुमच्यात पण आंबोळ्या करतात?" तिच्या मनात वाईट काही नसायचं. पण त्या 'पण'चं ओझं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उचललेलं आहे. आता मी मुंब्र्यात राहते. इथे उत्तरेकडून आलेली शेजारीण त्याच ताटलीकडे बघून म्हणते, "आपा, ये तो मद्रासी खाना है!" म्हणजे आंबोळी खायला आम्ही एकीला जरा जास्तच मुसलमान वाटतो, तर दुसरीला जरा कमी.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आमच्या दादीचं माप सोपं होतं. तीन वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ, चमचाभर मेथी. तांदूळ वेगळा, डाळ-मेथी वेगळी, पाच-सहा तास भिजत घालायची. डाळ अगदी मऊ वाटायची, तांदूळ किंचित रवाळ. मग दोन्ही हाताने एकत्र फेटून, मोठ्या पातेल्यात झाकून रात्रभर चुलीजवळ ठेवायचं. पातेलं अर्धंच भरायचं, कारण पीठ रात्रीतून दुप्पट होतं. सकाळी दादीचा पहिला प्रश्न, "पीठ फुगलं काय गो?" फुगलं असेल तर मीठ घालायचं, बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा आणि पीठ जाडसर पसरून झाकण ठेवायचं. वर जाळी पडली की आंबोळी झाली. ती रश्श्याबरोबर खावी, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खावी, नाहीतर गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खावी.

या पिठाला विकतचं काही लागत नाही. आंबवणारे सूक्ष्म जीव डाळ-तांदळाच्या दाण्यांबरोबरच येतात. ते पिठातली साखर खाऊन आंबटपणा आणि वायू तयार करतात. उडदाच्या चिकटपणामुळे तो वायू पिठात धरून राहतो. नुसता वाटलेला तांदूळ आंबेल, पण असा फुगणार नाही. उन्हाळ्यात सात-आठ तासांत काम होतं, थंडीत दुप्पट वेळही लागतो. घाई करून उपयोग नसतो.

आमच्या घरात या क्रियेला दोन शब्द होते. दादी म्हणायची, 'पीठ आंबलं'. उर्दू शाळेत शिकलेले चाचा म्हणायचे, 'खमीर आलं'. आंबोळीला नाव मिळालं ते दादीच्या शब्दावरून. खमीर हा शब्द अरबीतला. दारूला अरबीत 'खम्र' म्हणतात, तोही त्याच धातूपासून आलेला. म्हणून आंबवण्याबद्दल काहींच्या मनात शंका येते. आमच्याकडचं वाफवलेलं सांदण काही घरांत माडी घालून फुगवायचे. दादीने माडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ती नारळाचं पाणी साखर घालून रात्रभर ठेवायची आणि त्यावर सांदण फुगवायची. "नशा येते ती गोष्ट हराम. आंबट झालं म्हणून पीठ कशाला हराम होईल?" असं ती म्हणे. तिला लिहिता येत नव्हतं. पण इथला जिन्नस आणि आपला दीन यांचा मेळ कसा घालायचा, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

आम्हा कोकणी मुसलमानांचा इतिहास सांगताना बंदरं येतात, गलबतं येतात, अरब व्यापारी येतात. अल-मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि 'बयासिरा'ही होते. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदमध्येच जन्मलेले. हा उल्लेख वाचल्यापासून मी त्या मुलांच्या आयांचा विचार करते. आलेल्यांमध्ये बहुतेक पुरुष असणार. त्यांच्या घरात भात वाढणारी, पीठ वाटणारी बाई बहुधा याच किनाऱ्यावरची. शजऱ्यात बापाचं, आजोबांचं नाव लिहिलं जातं, तिचं नाव कुठेच नसतं. पण तिच्या हातचं आपल्या ताटात आहे. 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारणाऱ्याला आपण कागद दाखवत बसतो. या आज्यांची साक्ष मात्र कुणी काढत नाही. आपणही नाही.

माझी मुलगी लग्नानंतर कतारला गेली. एसीच्या थंडाव्यात पीठ फुगेना, तेव्हा तिचा फोन आला. मी म्हटलं, पातेलं गॅलरीत ठेव. तिथल्या उकाड्यात ते पाच तासांत वर आलं. ज्या मुलखाच्या बाजूने कुणी पूर्वज शिडाच्या जहाजातून आला असं सांगतात, तिकडेच आता कोकणातली आंबोळी निघाली आहे. तिच्या शेजारची येमेनी बाई 'लहूह' नावाची जाळीदार आंबवलेली पोळी करते. दोघी एकमेकींकडे ताटल्या पाठवतात. तिथे कुणी कुणाला 'तुमच्यात पण?' असं विचारत नाही.

आता तयार पिठाची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. नोकरी करणाऱ्या सुनेने ती आणली तर माझी हरकत नाही, मीही आणते. फक्त एक करावं. घरात म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून त्यांची मापं, त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत आणि वर त्यांचं नावही लिहावं. माझ्या वहीतलं पहिलं पान दादीच्या नावाचं आहे.