न घडलेल्या गोष्टींचे दप्तर

महसुली दप्तरात ज्याचे अर्धे आयुष्य खर्ची पडले, त्याला एक गोष्ट कोणी न सांगताच उमगू लागते; ती ही की, सरकारी कागदावर माणसाचे नाव चढते ते बहुधा काहीतरी बिघडल्यानंतरच. बांध कोरला गेला की अर्ज येतो, पाण्याची पाळी चुकवली की तक्रार येते, जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले की कोंडवाड्याची पावती फाटते. परंतु ज्या कुणब्याने हयातभर शेजाऱ्याच्या बांधाला नांगराचा फाळ लागू दिला नाही, त्याच्या त्या संयमाचा पंचनामा कोणा तलाठ्याने केल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही. आमच्या राहुरी तालुक्यात, जेथे मुळेचे पाणी, उसाची लागण आणि बांधाचे तंटे यांचा संसार एकाच छपराखाली चालतो, तेथे फिर्यादींचे रुमाल कपाटात मावत नसत आणि सद्वर्तनाचा रुमाल मात्र कधी बांधलाच गेला नाही. तो बांधण्याची बुद्धी मला सेवानिवृत्तीनंतर झाली, आणि ती देणारा गुरू चतुष्पाद निघाला, याची नोंद आरंभीच करून ठेवतो.

नगरच्या लष्करी छावणीत ज्यांची नोकरी झाली, अशा एका स्नेह्यांनी बदलीच्या गडबडीत आपला टेरियर जातीचा कुत्रा आमच्या पदरी घातला. अंगाने पांढरा, एका डोळ्याभोवती काळा ठिपका, एक कान ताठ आणि दुसरा दुमडलेला, उंची गुडघ्यालाही न लागणारी. बंड्या हे नाव तो घेऊनच आला होता, आणि ते बदलण्याचे कारण त्याने आम्हांला कधी दिले नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने परसातील अळूचा वाफा मुळासकट उकरला, पोस्टमनची सायकल गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून दिली आणि दूधवाल्याशी असे वैर मांडले की तो फाटकाबाहेरूनच माप घालू लागला. शेजाऱ्यांचा अभिप्राय एकमुखी होता: कुत्रा द्वाड आहे.

मी मात्र सवयीने मूळ कागद पाहावयास गेलो. टेरियर ही जात ब्रिटनच्या शेतशिवारांत घडली ती उंदीर, कोल्हे, बिज्जू असल्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांचा जमिनीखाली जाऊन पिच्छा पुरवण्यासाठी. मेंढपाळाचा कुत्रा धन्याच्या शिट्टीवर नजर आणि कान ठेवून वागतो, झुंडीतला शिकारी कुत्रा आपल्या सोबत्यांच्या आवाजाने चालतो. परंतु टेरियर एकदा बिळात उतरला की तेथे धनी नाही, शिट्टी नाही, उजेडही नाही. समोर दात विचकून बसलेला कोल्हा, आणि मागे फिरावे की भुंकून भुंकून त्याला तेथेच कोंडून धरावे, याचा निवाडा सर्वस्वी त्या वीतभर जनावराच्या अखत्यारीतला. डेव्हनशायरचे जॉन रसेल नावाचे पाद्री ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ च्या सुमारास, त्यांनी ट्रम्प नावाची एक कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाणारा वंश चालला, अशी हकीकत आहे. ती कुत्री त्यांना विकणारा गृहस्थ दूधवाला होता, ही गोष्ट बंड्याच्या कानावर घालण्याचे मला अद्याप धाडस झालेले नाही. तात्पर्य इतकेच की, ज्याच्या शेकडो पिढ्यांना स्वतःच्या विचाराने वागण्यासाठी निवडले गेले, त्याच्याकडून हुकुमाची तामिली मागणे म्हणजे वतनदाराकडून शिपायाचे काम मागणे होय. आणि म्हणूनच, असा प्राणी जेव्हा थांबतो, तेव्हा त्या थांबण्याला आज्ञाधारकपणा म्हणणे मला फार अपुरे वाटते.

या थांबण्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. चैत्रातील दुपार होती. परसात शेवग्याच्या विरळ सावलीत बंड्या आडवा पडला होता आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. शेजारच्या वाड्यातली करडी कोंबडी कुंपणाच्या फटीतून आपली पिले घेऊन आत आली आणि थेट त्याच्या नाकासमोर, हातभर अंतरावर, पाचोळा उकरू लागली. बंड्या उभा राहिला. त्याचा उजवा पुढचा पाय जमिनीपासून चार बोटे वर अधांतरी राहिला, शेपटी खुंटीसारखी ताठ झाली, आणि पातेल्यावरचे झाकण उकळीने थरथरावे तशी खांद्यावरची कातडी थरथरू लागली. एक पिलू भरकटत त्याच्या पायापाशी आले. त्याच्या गळ्यातून इतका बारीक स्वर निघाला की तो ऐकू आला असे म्हणण्यापेक्षा जाणवला असे म्हणावे. माझ्या तोंडी 'ए' आला होता, तो मी आवरला. कारण तेवढ्यात त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात भय नव्हते आणि विनंतीही नव्हती. खालच्या न्यायालयाने गुंतागुंतीचा मुद्दा वरच्या न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठवावा, असा काहीसा तो प्रकार होता. मी हळूच 'शाब्बास' म्हटले. तो अधांतरी पाय जमिनीवर आला, त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत सारे अंग एकदा झाडले, एक शिंक दिली, आणि तो ओसरीखाली येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला. कोंबडीने या सर्व काळात मान वर करूनही पाहिले नाही. तिच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. आणि वास्तविक पाहता काही घडलेही नव्हते. घडले नव्हते, एवढीच तर त्या दुपारची सर्वांत मोठी घटना होती.

अशा न घडलेल्या घटना टिपण्यात आमची मंडळी माझ्याहून पुष्कळ तरबेज निघाली. मी दौतीत टाक बुडवीपर्यंत तिचा निकाल लागून गेलेला असे. "अहो, ऐकलंत का? आज ताकाचं तपेलं उघडं राहिलं होतं, पण यानं तोंड लावलं नाही हो!" असे स्वयंपाकघरातून ऐकू येई, आणि पाठोपाठ भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज. या पापुद्र्याचे शास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते. परंतु कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना पेटाऱ्यात कोंडून आणि त्यांची सुटका न्याहाळून जे प्रमेय मांडले, की ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान लाभते ती कृती पुन्हा पुन्हा घडू लागते, त्याचाच प्रयोग तिच्या चुलीपाशी रोज चालला होता. यातली मेख 'पाठोपाठ' या अटीत आहे. बक्षिसाला विलंब झाला तर जनावर त्या मधल्या वेळात जे काही करीत असेल त्याचीच सांगड बक्षिसाशी घालते. तपेले सोडल्याबद्दल भाकरी द्यावयास उठावे, आणि ती मिळेपर्यंत तो उंबरठा कुरतडू लागलेला असावा, म्हणजे उंबरठ्याचा निकाल लागलाच म्हणून समजा. तेव्हा ज्याला कौतुक करावयाचे आहे, त्याने आधी तेथे हजर असले पाहिजे. शिक्षेला ही हजेरी लागत नाही. गुन्हा आपले पुरावे मागे ठेवून जातो, उकरलेला अळू संध्याकाळीही दिसतो. न उकरलेला अळू मात्र ज्याने उकरण्याच्या क्षणी पाहिला नाही, त्याला जन्मात दिसावयाचा नाही. माणसे पाळीव प्राण्यांवर, आणि मुलांवरही, रागावण्यात इतकी तत्पर आणि कौतुकात इतकी कंजूष का असतात, याचे कारण दुष्टपणा नसून हजेरीचा हा हिशेबच असावा, असे मला वाटते.

दिवाळी ओसरून कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे आमच्या या परीक्षेची इयत्ता एकदम चढते. बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, नगर-मनमाड रस्ता उसाच्या गाड्यांनी भरून जातो, आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या फडाच्या शेवटच्या सऱ्या कोयत्याखाली येऊ लागल्या की त्यांतून उंदीर, घुशी, ससे, आणि कधीमधी बिबट्याची पिलेसुद्धा बाहेर पडतात. बिबट्यामुळे बंड्याला दिवस मावळायच्या आत घरात घ्यावे लागते, कारण कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. परंतु सायंकाळच्या फेरीत फडाच्या कडेने चालताना साखळीच्या दुसऱ्या टोकाला मोहाची काय परमावधी चालली असते, ती माझ्या मनगटाला ठाऊक आहे.

अशाच एका फेरीत कोप्यांपाशी तीनेक वर्षांचे, अंगात नुसता सदरा असलेले एक पोर हातात भाकरीचा तुकडा घेऊन आमच्या समोर येऊन ठाकले. भाकरी बरोबर बंड्याच्या तोंडाच्या उंचीवर होती. चुलीशी बसलेली त्याची आई अर्धवट उठून ओरडली, "चावतंय का ओ ते?" मी उत्तर देण्यापूर्वीच बंड्या खाली बसला, बस म्हणून कोणी सांगितले नव्हते. पोराने मोकळ्या हाताचा पंजा त्याच्या नाकावर ठेवला, मग कानावर, मग दुमडलेला कान सरळ करून पाहिला, तो पुन्हा दुमडला तेव्हा खदखदून हसले. हसण्यात भाकरीचा चुरा खाली सांडला, तो बंड्याने अत्यंत टापटिपीने टिपून घेतला आणि हातातल्या तुकड्याला स्पर्शही केला नाही. हातातले मुलाचे आणि जमिनीवरचे आपले, हा मालकीहक्काचा कायदा त्याला कोणी शिकवला, हे सांगता येणार नाही. आमच्याकडच्या पुष्कळ खातेदारांना तो उभ्या जन्मात उमजलेला नाही. ती बाई मग म्हणाली, "गुणाचं हाय की!" माझ्या दृष्टीने हा त्रयस्थ साक्षीदाराचा जबाब होता, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक.

टेरियरच्या अशा एका क्षणाचे कौतुक जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलेले आहे, आणि ते आपल्या मराठी घरांतही पोचले होते. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला जो कुत्रा असे, तो निपर. ब्रिस्टल शहरी १८८४ मध्ये जन्मलेला, टेरियर रक्ताचा. पाहुण्यांच्या पोटऱ्यांचे चावे घेण्याच्या खोडीवरून त्याला ते नाव पडले होते. त्याच्या पहिल्या धन्याच्या मृत्यूनंतर तो धन्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बराँड या चित्रकाराकडे, राहिला. आणि ध्वनियंत्रातून येणारा आवाज तो कसा तटस्थ होऊन ऐकत बसे, ते आठवून बराँडने तो गेल्यावर त्याचे चित्र काढले. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतले. निपरने किती पोटऱ्या फोडल्या याचा हिशेब आज कोणापाशी नाही. पण तो एकदा शांत बसला होता, ही वार्ता लाखो तबकड्यांवर कोरली जाऊन घरोघर गेली. एका द्वाड कुत्र्याच्या चरित्रातून नेमका हाच क्षण उचलणाऱ्या त्या चित्रकाराविषयी मला फार आदर वाटतो.

आपल्याकडे मात्र या बाबतीत एक जुनी थकबाकी आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले, ही कथा कीर्तनांतून शतदा ऐकली जाते. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, दुसरा एक कुत्रा आहे, त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. जनमेजय राजाच्या यज्ञसत्रात सरमा नावाच्या कुत्रीचे पोर आले असता राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले, तेव्हा आईनेही प्रथम हेच विचारले की तूच काही अपराध केला असशील. त्याने सांगितले, मी हवीकडे पाहिलेसुद्धा नाही, मग चाटण्याचे दूरच. सरमेने यज्ञमंडपात जाऊन जाब विचारला, आणि तिला कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली, आणि तो शाप निवारण्यासाठी राजाला योग्य पुरोहिताच्या शोधात फिरावे लागले. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या तोंडाशी व्यासांनी कोणता अन्याय ठेवावा, तर एका कुत्र्याने हविर्द्रव्य चाटले नाही आणि ते कोणी पाहिले नाही, हा! द्रौपदीवरचा आणि एकलव्यावरचा अन्याय पुढे यावयाचा आहे. पण दप्तर उघडते ते या नोंदीने.

पाहण्याच्या या कामाचा एक उत्तम दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. १९४२ पासून मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली आणि काड्या-कचऱ्याचा वर्षाव सुरू केला. प्रथम मौलानांनी त्यांच्याशी रीतसर युद्ध पुकारले, त्यात पराभव पत्करला, आणि मग दाणे टाकून, रोज ते थोडे जवळ सरकवीत, अखेर चिमण्यांना तळहातावरून टिपावयास लावले. 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकातील पत्रांत हे सारे प्रकरण त्यांनी असे तपशीलवार लिहिले आहे की कोणती चिमणी भित्री, कोणती धीट, हे वाचणाऱ्याला कळावे. इतक्या मोठ्या विद्वानाने कारावासात चिमणीच्या एका उडीची दखल घ्यावी, याचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी कुत्रा पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी आता शिरस्ता ठरून गेला आहे. बंड्या झोपला असता त्याचे कौतुक करावयाचे नाही, कारण त्यात त्याचे कर्तृत्व काही नाही, हा मंडळींचा दंडक. आणि जेथे त्याला दुसरे काही करण्याची पुरेपूर संधी होती व त्याने ती सोडली, तेथे पापुद्रा देण्यात दिरंगाई करावयाची नाही, हा दुसरा. दूधवाल्याशी तह झाला आहे. तो आता फाटकाच्या आत येतो, मात्र चरवी डाव्या हातात धरून, उजवा हात बंड्याला हुंगावयास मोकळा ठेवून. अळू पुन्हा लावला आहे. लग्नसराईतील बँडच्या बाबतीत तेवढी तडजोड होऊ शकली नाही, आणि वरातीतील सुरांचा दर्जा विचारात घेता या मुद्द्यावर मी बंड्याला फारसे दडपू इच्छीत नाही.