बंद कशी पडते?

‘बंद करणे’ या क्रियेला कर्ता असतो. ‘बंद पडणे’ या क्रियेचा कर्ता मात्र दिसत नाही. दोष कुणाचाच नसल्यासारखे ते घडते. वर्गात हा भेद आम्ही अनेकदा सांगितला असेल. २००८च्या पावसाळ्यात आमची स्कूटर रोज बंद पडत होती आणि ती बंद पाडणारे आम्हीच होतो, हे कळायला मात्र आम्हांला तीन आठवडे लागले.

तेव्हा आम्ही दोघे, नवरा आणि बायको, दोघेही मराठीचे एम.ए., चाकणजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तास घेतला तर मानधन, बुडाला तर काही नाही. निगडीहून भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल आणि पुढे नाशिक महामार्गाने चाकण, असा आमचा रोजचा रस्ता. वाहन म्हणजे अण्णांची जुनी चेतक. १९७२ सालापासून आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या स्कूटरचे उत्पादन तोवर थांबले होते. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फिटरचे काम केले आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर ते घरात जवळजवळ गप्पच झाले. आम्हीही त्यांना काही विचारायचे सोडून दिले होते. त्याला आम्ही त्यांची विश्रांती म्हणत असू.

स्कूटर सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची. मोशीच्या आसपास बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटे थांबले की काहीच न घडल्यासारखी पुन्हा सुरू. नाक्यावरच्या मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, सायलेन्सरमधली काजळी काढली. प्रत्येक वेळी दुकानासमोर गाडी उत्तम चालली आणि प्रत्येक वेळी मोशीला थांबली. टाकी भरली त्या दिवशी तर ती भोसरीतच बंद पडली, म्हणून आम्ही पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे झालो. चार तास बुडाले होते.

शेवटी एका शनिवारी रात्री जेवताना अण्णांनीच विचारले, “बंद कशी पडते?”

“कशी म्हणजे? बंद पडते.”

“झटक्यात, की आचके देत?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

“बंद पडायच्या आधी आवाज चढतो का? चोक ओढला तर क्षणभर धरते का? टाकी भरलेली असली की लवकर पडते, की उशिरा?”

भाषेवर पोट असणाऱ्या दोघांकडे यातल्या शेवटच्या प्रश्नाचे तेवढे उत्तर होते, आणि तेही भेसळीच्या संशयामुळे लक्षात राहिलेले. कवितेतला स्वर कोणत्या ओळीपाशी बदलतो, हे मुलांनी ओळखावे असा आमचा आग्रह. तीन आठवडे रोज बसत होतो त्या इंजिनाचा शेवटचा श्वास मात्र आम्ही ऐकलेला नव्हता.

रविवारी अण्णा मागे बसले. मोशी येता येता इंजिनाचा आवाज किंचित चढला, मग खोल गेला आणि दोन आचके देऊन थांबला. अण्णा उतरले, सीट उचलायला सांगितली आणि टाकीचे झाकण फिरवले. ‘फुस्स’ असा आवाज करून हवा आत गेली. झाकण सैलच ठेवून ते म्हणाले, “मार किक.” गाडी सुरू झाली.

या गाडीला पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. जेवढे उतरेल तेवढी हवा वरून आत यावी लागते, म्हणून झाकणात वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडते. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. गाडी उभी राहिली की कुठल्या तरी फटीतून हवा हळूहळू शिरते, म्हणून ती पुन्हा चालते. “कॉइल तापली तरी गाडी थांबते आणि निवल्यावर सुरू होते,” अण्णा म्हणाले, “पण ती झटक्यात जाते. ही उपासमारीने जात होती. म्हणून विचारलं, कशी पडते.”

झाकणाच्या आत प्लॅस्टिकची एक गोल चकती बसवलेली होती. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून जूनमध्ये आम्हीच ती कापून घातली होती.

“एवढे दिवस बोलला का नाहीत?” आम्ही विचारले.

“कानावर येत होतं. पण तुम्ही ‘बंद पडते’ एवढंच म्हणत होता. त्यावरून काय सांगणार?”

अण्णा आता नाहीत. चेतक हे नाव २०१९मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आले. तिला ना कार्बोरेटर, ना पेट्रोलचे झाकण. पेट्रोलच्या नव्या गाड्यांना मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक वाचतो. त्यात वाईट काही नाही. अण्णांनाही ते यंत्र आवडले असते.

आमच्याजवळ त्यांचा प्रश्न उरला. “कविता कळत नाही,” असे एखादी मुलगी म्हणाली की पूर्वी आम्ही पहिल्या ओळीपासून सगळा अर्थ सांगायला बसत असू; म्हणजे प्लग बदलण्यापासून सुरुवात. पण जी गाडी सुरू होते तिच्यात पेट्रोल असते, ठिणगी असते, जोरही असतो. आता आम्ही विचारतो, “कुठपर्यंत कळली? तिथे काय झालं?” पुष्कळदा उत्तर येते की तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे नीट होते, पुढे गाइडमधला अर्थ आठवला आणि कविता थांबली.

आणि कधी कधी ती मुलगी अडखळत सांगते, की तो अर्थ गाइडमधला नव्हता. आम्हीच मागच्या तासाला उतरवून दिलेला होता.