दुसरी किल्ली

तर झालं असं, की जूनमधल्या एका शनिवारी वेरूळहून घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही रात्री आठच्या सुमारास पडेगावला परतलो. गाडी पप्पांनी चालवली. रविवारी सकाळी किल्ली गायब!

टीव्हीचं टेबल, देवघर, पप्पांच्या शर्टांचे खिसे, फ्रिजवरचा डबा (आमच्या घरातल्या हरवलेल्या अर्ध्या वस्तू तिथेच सापडतात) असं सगळं पालथं घालून झालं. मग आईने विचारलं, "दुसरी कुठंय?"

दुसरी नव्हतीच. गाडी २०१४ ची, सेकंडहँड. पुण्यात घेतली तेव्हा आधीचे मालक म्हणाले होते, दुसरी किल्ली सापडली की कुरियर करतो. मी बरं म्हटलं आणि विसरलो. नंतर गाडी आईपप्पांसाठी इकडे आणून ठेवली, तीही एकाच किल्लीवर. दिवसभर ऑफिसात लोकांच्या सर्व्हरचे बॅकअप सांभाळतो बरं का मी.

पप्पा चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांनी शांतपणे हत्यारांची पेटी काढली. "कशाला एवढं? डायरेक्ट करून टाकू."

त्यांच्या काळातल्या गाड्यांचं ठीक होतं. वायरला वायर लावली की इंजिन सुरू. पण आता किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही (बॅटरी असते ती फक्त रिमोटची). इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं, ते रेडिओ लहरींनी चिपला लागेल तेवढी वीज पुरवतं. मग गाडी एक आकडा पाठवते, चिप त्यावर आपल्याजवळच्या गुप्त कोडने गणित करून उत्तर देते. उत्तर चुकलं तर नुसता स्टार्टर फिरेल, इंजिन पेटणार नाही. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. अभेद्य आहे असंही नाही. मेगामॉस नावाच्या चिपची पळवाट संशोधकांनी शोधली, तेव्हा २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने तो पेपर छापायला मनाई केली होती, शेवटी तो २०१५ मध्ये आला. पण पक्कड आणि वायर घेऊन हे जमणारं नव्हतं. मी हे सगळं सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि पेटी बंद केली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण सोमवारी आईची मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती, मला रात्रीच पुणे गाठायचं होतं, आणि डोकं तापलेलं. म्हणालो, "गाडी तुम्ही लावली पप्पा. किल्ली शेवटची तुमच्याच हातात होती. हल्ली तुमच्या काही लक्षात राहत नाही."

ते काहीच बोलले नाहीत. चपला घातल्या आणि भर उन्हात निघाले, रात्री दूध घेतलेल्या दुकानापर्यंत रस्ता बघत. तासाभराने परत आले. "नाही सापडली," एवढंच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. आरसी, आधार, पोलिसांत किल्ली हरवल्याची नोंद, गाडी टो करून आणा, मग चॅसिस नंबरवरून किल्ली मागवू, आठ-दहा दिवस धरा. काही मॉडेलना अख्खा लॉकसेट बदलावा लागतो म्हणे. शेवटी पैठण गेटकडच्या एका चावीवाल्याला बोलावलं. त्याने आधी आरसी पाहिली, फोटो काढून घेतला. मला बरं वाटलं. जो विचारतच नाही, तो उद्या कुणाच्याही सांगण्यावरून आपली गाडी उघडेल की!

दाराच्या कुलपात बारीक हत्यार घालून त्याने खाचा वाचल्या, छोट्या मशीनवर पातं कापलं. तेवढ्यात दार उघडलं. खरं काम पुढेच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला डबा जोडून गाडीला नवी किल्ली ओळखायला लावायची. एक किल्ली हातात असती तर हे फार लवकर झालं असतं, कारण गाडी ओळखीच्या किल्लीच्या भरवशावर नवीला आत घेते. एकही नसली की गाडीच्या कॉम्प्युटरमधून माहिती काढत बसा. अडीच तास गेले. पप्पा पूर्ण वेळ बाजूला उभे, त्याला टॉर्च धरून.

दोन किल्ल्यांचे साडेसहा हजार झाले. जुनीची नोंद त्याने पुसून टाकली, म्हणजे कुणाला सापडली तरी दार उघडेल, गाडी चालू होणार नाही. (गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात, हेही त्यानेच सांगितलं. तुमची दुसरी कुठे आहे, आज बघून ठेवा.)

तीन आठवड्यांनी हिंजवडीत पाऊस आला. छत्रीसाठी लॅपटॉपच्या बॅगेचा मागचा कप्पा उघडला. आत छत्री, आणि किल्ली.

मग आठवलं. त्या रात्री जेवणानंतर बॅग काढायला गाडीपाशी मीच गेलो होतो.

दरम्यान पप्पांनी दाराजवळ खिळा ठोकून वर मार्करने 'गाडी' असं लिहिलंय. आई सांगते, रात्री उठून बघतात किल्ली आहे ना. परवा फोनवर शेजारच्या काकांबद्दल बोलत होते. त्यांचंही काहीतरी हरवलं होतं. म्हणाले, "वय झालं की होतं रे असं. मी नाही का गाडीची हरवली?"

मी नुसतं "हं" म्हटलं.

या शनिवारी जातोय. किल्ली खिशात घेतली आहे.