भरत्या टाकीचा आवाज

अरुंद तोंडाच्या बाटलीत घाईने तेल ओतू लागले, तर ते आत जाण्याऐवजी हातावरून ओघळते. बाटली रिकामी दिसत असली तरी खरोखर रिकामी नसते. तिच्यात हवा भरलेली असते, आणि तेलाला आत जावयाचे तर त्या हवेला बाहेर पडावयास वाट हवी. नरसाळे किंचित उचलून धरले की ही वाट मोकळी होते. ज्या घरांत घासलेटचे स्टोव्ह पेटत, त्या घरांतील मुलांना ही गोष्ट कोणी मुद्दाम शिकवीत नसे. ती पाहूनपाहून येई. परंतु दूर अमेरिकेत, एका शेतावर, याच साध्या गोष्टीपायी एका वृद्ध शेतकऱ्यावर आपली जुनी गाडी सोडून देण्याची पाळी आली होती.

हे शेत ऑरेगन राज्यात, विलामेट नदीच्या खोऱ्यात आहे. पश्चिमेस किनाऱ्यालगतचे डोंगर, पूर्वेस कॅस्केड पर्वताची बर्फाच्छादित शिखरे आणि मध्ये सपाट, सुपीक जमीन. हिवाळाभर तेथे पावसाची रिपरिप चालू असते. या खोऱ्यात गवताच्या बियाण्याचे पीक घेतात. गवताचेही पीक काढतात हे ऐकून नवल वाटेल. पण खेळाच्या मैदानांवरची हिरवळ उगवावयास बी लागतेच! अमेरिकेत पिकणारी हेझलनट नावाची कवचाची फळे तर जवळजवळ सगळी ऑरेगनमधली, आणि त्यांच्या बागाही बहुतेक याच खोऱ्यात आहेत.

त्या शेतावरील आजोबांचे वय २०२३ साली ८० वर्षांचे होते. त्यांची गाडी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. १९५१ साली बनलेली ती गर्द हिरव्या रंगाची शेव्हरोले पिकअप त्यांच्या वडिलांनी नवी कोरी घेतली होती. ती घरी आली त्या दिवशी आठ वर्षांचा हा मुलगा रात्र पडेपर्यंत तिच्याभोवती घुटमळत राहिला होता. नुसती किल्ली फिरवून ही गाडी चालू होत नाही; किल्ली फिरवावयाची आणि मग पायाने स्टार्टर दाबावयाचा. तिची गंमत मात्र निराळीच आहे. तिची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, बैठकीच्या मागे उभी बसविलेली आहे. वळणावर गाडी वळली, की बसणाऱ्याच्या पाठीमागे पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज येतो. टाकी भरावयाचे तोंड दरवाजाच्या मागे केबिनच्या अंगावर निघालेले आहे, आणि त्या तोंडापासून टाकीपर्यंत एक आखूड, अरुंद नळी गेलेली आहे. पेट्रोल आत जावयाचे ते या नळीने आणि हवा बाहेर यावयाची तीही याच नळीने. एकाच बोळातून जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची गाठ पडली म्हणजे जे होते, तेच येथेही होते.

पेट्रोल सांडणे ही पाणी सांडण्यासारखी गोष्ट नव्हे. त्याची वाफ होण्यास उन्हाची गरज लागत नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही त्यातून एवढी वाफ निघते, की ठिणगी पडताच तिने पेट घ्यावा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि डोळ्यांना दिसत नाही. त्यातून ज्या गाडीत टाकी माणसांच्या पाठीशीच आहे, तिच्यात चार थेंब आत झिरपले तरी वासाने जीव नकोसा होतो. पावसाळी दिवसांत सांडलेले पेट्रोल पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग पसरीत गटारात जाते, तेथून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. विलामेट नदीत सॅमन मासे चढतात; त्यांना या रंगांचे काही कौतुक नाही.

आजोबांना टाकी भरावयास त्यांच्या वडिलांनी शिकविले. त्या काळी शेतावर पेट्रोलची एक मोठी टाकी उंच चौथऱ्यावर ठेवलेली असे. वडील सांगत, “डोळ्यांनी आत पाहू जाऊ नकोस, कानांनी पाहा.” पेट्रोल रिकाम्या टाकीत पडू लागले, की प्रथम घुमणारा, जाड आवाज येतो. टाकी भरत जाते, तशी आतील हवेची जागा आखडत जाते आणि आवाज चढू लागतो. नळाखाली कळशी भरताना हे कोणासही ऐकू येईल. अगदी शेवटी एक बारीक, शीळ घातल्यासारखा सूर निघतो. तो ऐकू आला की हात थांबवावयाचा. टाकी काठोकाठ भरावयाची नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. पेट्रोल उष्णतेने फुगते; ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर त्याचे जवळजवळ १ लिटर वाढते. जमिनीखालच्या हौदातून आलेले गार पेट्रोल उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापले, म्हणजे त्याला फुगावयास जागा नको काय?

पुढे शेतावरील ती टाकी गंजली आणि काढून टाकावी लागली. मग आजोबा गावातील पंपावर जाऊ लागले. येथे ऑरेगन राज्याचा एक कायदा ठाऊक असला पाहिजे. गिऱ्हाइकाने पंपावर स्वतःच्या हाताने पेट्रोल भरू नये, ते पंपावरील नोकरानेच भरावे, असा कायदा त्या राज्याने १९५१ सालीच केला होता. म्हणजे कायदा आणि गाडी एकाच वयाची! न्यू जर्सी राज्यातही १९४९ पासून असाच कायदा आहे. गावच्या पंपावर एक जुना माणूस होता. त्याने आजोबांकडून ही रीत एकदा समजून घेतली आणि पुढे वर्षानुवर्षे एक थेंब सांडू दिला नाही. दोघांचे बोलणे फारसे होत नसे. टाकी भरताना बोलावयाचे नाही, हे दोघांनाही मान्य होते.

तो माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तरुण मुले आली. मुले चांगली होती, चपळ होती. पण त्यांचा भरवसा तोटीवर होता. पंपाच्या नव्या तोटीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असता त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकी भरून छिद्र पेट्रोलाखाली बुडाले, की हवा बंद होते, आतील ओढ वाढते, एक पातळ पडदा हलतो आणि चाप आपोआप सुटतो. मोठी हुशारीची योजना आहे ही. शंभरांतील नव्व्याण्णव गाड्यांना ती पुरते. मुलांना दोष कसा द्यावा? पण या गाडीच्या अरुंद नळीत परतणारी हवा फेस घेऊन येते. कधी तो फेस छिद्राला लागून तोटी उगाचच बंद पडते, तर कधी तोटीला समजण्यापूर्वीच पेट्रोल भसकन बाहेर येते. मुले चाप अडकवून काच पुसावयास जात, आणि परत येतात तो हिरव्या रंगावरून ओघळ खाली आलेले असत. आजोबा काही बोलत नसत. खिशातील फडके काढून ते मुकाट्याने पुसू लागत.

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात ऑरेगनचा कायदा बदलला. आता ज्याला हवे त्याने आपल्या हाताने पेट्रोल भरावे. ज्याला नको त्याच्यासाठी नोकर असतीलच. दुसऱ्याच दिवशी आजोबा स्वच्छ सदरा घालून पंपावर निघाले. बरोबर बारा वर्षांची नात होती. आजोबांनी इंजिन बंद केले, गाडीच्या पत्र्याला हात लावला (अंगात साठलेली वीज निघून जावी म्हणून), नळीच्या तोंडाभोवती फडके गुंडाळले आणि तोटी अर्धीच आत घालून चाप हलकेच दाबला. सर्व अगदी वडिलांनी शिकविल्याप्रमाणे. आणि पेट्रोल उसळून त्यांच्या मनगटावर आले.

पुढच्या खेपेसही तसेच झाले. तेव्हा घरात सर्वांच्या ध्यानात आले, की चूक हाताची नव्हती. साठ वर्षे ट्रॅक्टरच्या घरघरीत काढलेले ते कान. म्हातारपणी आणि गोंगाटाने कान अधू होऊ लागले, की प्रथम बारीक, उंच आवाज हरवतात. जाड आवाज आजोबांना अजून येत होता. पण शेवटची ती शीळ त्यांच्यापुरती बंद झाली होती. मुलगा म्हणाला, “बाबा, पुरे आता. गाडी कोणाला तरी देऊन टाकू. एखादे दिवशी भलतेच व्हायचे.” तो बोलला ते काळजीपोटीच. आजोबा जेवताजेवता उठून ओसरीवर जाऊन बसले.

नात मागोमाग गेली. “आजोबा, तो सूर कसा असतो?” तिने विचारले.

आजोबांना क्षणभर सांगताच येईना. जो आवाज आपल्याला आता येत नाही, तो दुसऱ्याला कसा दाखवावा? शेवटी त्यांनी गोठ्यामागून दुधाची जुनी उभट कासंडी आणली, अंगणातील रबरी नळी तिच्यात सोडली आणि ते म्हणाले, “मी भरतो. तू डोळे मीट. आवाज चढू लागला की हात वर कर, आणि अगदी बारीक झाला की खाली टाक.” पहिल्या खेपेस पाणी दोघांच्या पायांवर आले. दुसऱ्या खेपेस तिने फारच लवकर हात टाकला. दहाव्याअकराव्या खेपेस कासंडी काठाच्या दोन बोटे खाली थांबली. आजोबांनी वाकून पाहिले आणि पुन्हा ओतून टाकली. “पुन्हा,” ते म्हणाले. असे तीन संध्याकाळी चालले. अंगणातील टोमॅटोंना त्या आठवड्यात पाण्याची ददात पडली नाही.

शनिवारी दोघे पंपावर गेली. तिने तोटीला हात लावावयाचा नाही आणि दोन पावले दूर, वारा पाठीशी घेऊन उभे राहावयाचे, एवढे आजोबांनी बजावले होते. शेजारच्या पंपावर एक मोठी गाडी धडधडत उभी होती. तिच्या मालकाकडे जाऊन मुलीने इंजिन बंद करण्याची विनंती केली. पंपाशी ते बंद असावयासच हवे होते. तो जरा चकित झाला. पण त्याने बंद केले.

आजोबांनी चाप दाबला. ते टाकीकडे पाहत नव्हते. ते नातीच्या हाताकडे पाहत होते. बराच वेळ तो हात खालीच होता. मग तो हळूहळू वर आला आणि तसाच राहिला. आजोबांचे बोट ढिले झाले, धार बारीक झाली. हात अजून वरच होता. आणि एकाएकी तो खाली आला.

आजोबांनी चाप सोडला. फेस खाली बसेपर्यंत ते थांबले, तोटीचे टोक वर उचलून शेवटचे थेंब आत निथळू दिले आणि झाकण फिरवून लावले. मग त्यांनी फडके सोडून दोन्ही बाजूंनी पाहिले, नाकाशी नेले आणि नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवले.

परतताना पहिल्या वळणावर त्यांनी विचारले, “मागे आवाज येतोय का गं?”

“येतोय की,” ती म्हणाली. “भरलेल्या टाकीचा जरा वेगळा येतो. कमी हिंदकळते.”

आजोबांनी मान हलविली आणि गाडी शेताच्या रस्त्याला लावली.